आडवा मोबाईल, उभा शिकारी

रात्री जेवणं आटोपल्यावर शिरोड्यात माणसाने करायचं काय, हा प्रश्न माझ्यापुरता मोबाईलने सोडवला आहे. मी शिकारीला जातो. पाठीला उशी, भोवती मच्छरदाणी, पोटात सोलकढी. काल अलास्कात अस्वलाच्या मागावर होतो, परवा टेक्सासात रानडुकरं, त्याआधी न्यूझीलंडच्या कड्यांवर कसलीशी वाकडी शिंगं. नेम चुकत नाही, गोळ्या संपत नाहीत आणि आठव्या मिनिटाला जनावर आडवं होतं. बायको कूस बदलून विचारते, "मारलात मां? मगे आता लाईट पालवा."

बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा बेत वेगळा होता. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात ज्या गावात शाळा चालवली आणि कादंबऱ्या लिहिल्या, त्या गावात येऊन माणूस वाचणार नाही तर काय करणार? म्हणून कपाटात पुस्तकं मांडली. आता त्यांना टेकवून मोबाईल उभा करता येतो, इतपत त्यांचा उपयोग आहे.

या व्हिडिओंतला शिकारी नेहमी कुजबुजतो. गवतात बसतो, कॅमेऱ्याला जवळजवळ ओठ लावतो आणि म्हणतो, "आवाज नको. तो अगदी जवळ आहे." आता हे सांगतो कोणाला? मी शिरोड्यात आहे. माझ्या खोकल्याने अलास्कातलं अस्वल दचकणार नाही. बरं, याच्या डोक्यावर ड्रोन घोंघावतोय, तो मात्र अस्वलाला ऐकू येत नाही.

दुसरं एक कोडं मला झोपू देत नाही. शिकारी एकटाच घनदाट रानातून वाट काढत पुढे येतो. इथे माणसाचं पाऊल कधी पडलेलं नाही, असं तोच सांगतो. आणि हे सगळं दाखवणारा कॅमेरा त्याच्या पुढे, झुडपात. म्हणजे हा गृहस्थ आधी इथवर आला, तिवई मांडली, उलटा गेला, प्रथमच आल्याचा चेहरा केला, कॅमेऱ्यासमोरून ऐटीत निघून गेला, आणि मग तिवई न्यायला पुन्हा मागे आला. अस्पर्श रानात एवढ्या येरझाऱ्या एसटी स्टँडवरचा हमालही घालत नसेल. तेवढा वेळ हरणाने काय करायचं? ते बिचारं मन लावून पाला खात उभं. शूटिंग आटोपलं की मरायला मोकळं.

शिवाय यांच्यापैकी कोणाला लघवीला लागत नाही. कोणाच्या चपलेचा अंगठा तुटत नाही. कोणाला घरून फोन येत नाही. वाघासारखा वाघ, पण दहा-वीसदा झेप घेतो तेव्हा कुठे एकदा त्याचं पोट भरतं, असं जाणकार सांगतात. व्हिडिओतल्या माणसाची झेप एकदाही वाया जात नाही. वाया गेलेल्या झेपा रात्री बसून कोणीतरी कापतो.

पण कापाकापी ही काही मोबाईलने आणलेली कला नव्हे. आमच्या शेजारचे तात्या ती आयुष्यभर करत आले आहेत, आणि तीही तोंडी. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी त्यांनी एक डुक्कर मारलं. मी शाळेत होतो तेव्हा ते डुक्कर पाड्याएवढं होतं. मी मुंबईला नोकरीला लागलो तेव्हा म्हशीएवढं झालं होतं. लग्नानंतर बायकोला घेऊन आलो तेव्हा त्याला सुळे फुटले होते आणि ते हाकाऱ्यांच्या अंगावर चालून येत होतं. मेल्यानंतर इतकं बाळसं धरणारं दुसरं जनावर कोकणात नसेल.

एकदा तात्या घरात नसताना काकींनी मूळ प्रत ऐकवली. "खंयची गोळी आणि खंयचा काय! हे माळ्यार घोरत होते. डुकर आपसूक बावीत पडलां. सकाळी पाणयाक गेलेल्या बायलमाणसांनी बोंब मारल्यानी तेवा हे उठले."

तात्यांनी आख्खी विहीर कापली होती.

हल्ली तात्यांची बंदूकही गोष्टीतच जास्त असते. परवाना शेतीसंरक्षणाचा. सिंधुदुर्गात असे परवाने बऱ्याच घरांत आहेत. माकडं, डुकरं आणि अलीकडे गवे यांच्यापासून माड-केळी वाचवायच्या म्हणून. पण निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. लोकसभा झाली, परत आणली. विधानसभा आली, नेऊन ठेवली. मग जिल्हा परिषद, मग पंचायत. "माझे बंदुकेन माझ्यापेक्षा जास्त इलेक्शना बघल्यान," तात्या म्हणतात. त्यांचा असाही दावा आहे की आचारसंहिता लागल्याचं माकडांना तहसीलदाराच्या आधी कळतं. त्या दिवसापासून ती माडावरून शहाळी खाली टाकतात ती निवांतपणे, नेम धरून. नुकसान झालं तर अर्ज आहे, पंचनामा आहे, भरपाई आहे. डुकराने फक्त पंचनामा होईपर्यंत उरलेल्या शेताला तोंड लावायचं नाही, एवढं पथ्य पाळलं पाहिजे.

आणि मारायची म्हटली तरी मारायची कशी? १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तात्यांच्या पिढीचा छंद गुन्ह्यात जमा झाला. मी तो कायदा बँकेतल्या सवयीने बारीक अक्षरांसह वाचला. शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फासे लावणं, हाकलणं, आमिष दाखवणं हेही शिकारच. आणि यातलं काही करण्याचा प्रयत्न, तोही शिकारच. माझ्या नुसत्या प्रयत्नाला इतकी किंमत नोकरीतही कोणी दिली नव्हती. पण हा सन्मान तुरुंगात नेणारा, म्हणून दुरूनच नमस्कार केला.

खोटी शिकार खऱ्या शिकारीला हरवते, हेही नवं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पदावरून उतरले आणि थेट आफ्रिकेत शिकारीला गेले. विल्यम सेलिग नावाच्या शिकागोच्या चित्रपटवाल्याला त्यांच्याबरोबर आपला कॅमेरा पाठवायचा होता. ते जमलं नाही. हा काही हात चोळत बसणारा इसम नव्हता. त्याने रूझवेल्टसारखा दिसणारा एक नट धरला, एक म्हातारा सिंह विकत आणला, स्टुडिओत जंगल उभं केलं आणि त्या सिंहाला कॅमेऱ्यासमोर खरोखर गोळी घातली. तिकडून रूझवेल्टनी सिंह मारल्याची बातमी येताच याने चित्रपट लावला. लोक तुटून पडले. पुढच्या वर्षी चेरी कीर्टन याने आफ्रिकेत जाऊन टिपलेले खरे रूझवेल्ट पडद्यावर आले. त्यात अध्यक्षांच्या हातून सिंह पडताना दिसत नव्हता. प्रेक्षक जांभया देत बाहेर पडले. खऱ्या रूझवेल्टपेक्षा शिकागोचा रूझवेल्ट जास्त अस्सल ठरला, आणि माझी खात्री आहे, खऱ्या रूझवेल्टलाही घरी गेल्यावर मंडळींनी विचारलं असेल, तुमचा सिंह त्याच्याएवढा होता का?

आपली पुराणं या बाबतीत जास्त प्रामाणिक. त्यांत शिकारीला गेलेल्या बड्या राजांची यादी काढून बघा. दुष्यंत हरणामागे गेला, हाती शकुंतला लागली. ययाती तहानेने विहिरीशी गेला, आत देवयानी. (विहीर इथेही आहे. व्यासांनी ती कापली नाही.) दशरथाने आवाजावर बाण सोडला, श्रावणबाळ गेला आणि शाप मिळाला. पांडूने हरणाची जोडी मारली, तो ऋषी निघाला, पुन्हा शाप. परीक्षिताला शिकारीत तहान लागली, रागाच्या भरात ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकला. सातव्या दिवशी तक्षक. प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र सोन्याच्या हरणामागे गेले, तो मारीच, आणि परत येतात तर पर्णकुटी रिकामी. बायको नाहीतर शाप. यांच्यापैकी एकजण सांजच्याला मटणाची पिशवी घेऊन घरी आलाय, असं वाचलेलं मला तरी आठवत नाही.

कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची, गाडीतून माळावर न्यायचं आणि कळप दिसला की टोपी काढायची. चित्ता वाऱ्यासारखा सुटायचा. पण त्याचा दम काही शे मीटरांचा. तेवढ्यात काळवीट गवसलं तर गवसलं, नाहीतर स्वारी तिथेच बसकण मारायची. मला हा प्राणी फार जवळचा वाटतो. माझं फक्त टोपी काढेपर्यंतचं जमतं.

तर कायद्याने मोकळं असं काय उरतं? मी खाली उतरत उतरत कुर्ल्यांपाशी आलो. मिरगाचा पाऊस झाला की रात्री बॅटरी घेऊन मळ्यांत कुर्ल्या धरायला जातात. व्हिडिओत कुर्ली प्रकाशात नांग्या उचलते, तरणाबांड पोरगा तिला मागून अलगद उचलतो, पुढच्या क्षणी तिखलं उकळतंय. आरवलीच्या बाजूला तात्यांबरोबर गेलो तेव्हा मला कळलं की मधल्या भागात चिखल असतो. पिंडरीपर्यंत. त्याने माझी डाव्या पायाची चप्पल ठेवून घेतली. बॅटरी तोंडात धरून मी दोन्ही हातांनी ती शोधत होतो, तेवढ्यात बांधाच्या पलीकडून जड पावलांचा आवाज आला. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, नवसाला वाहिलेल्या त्याच्या चपला त्यामुळे झिजतात, ही इथली श्रद्धा मला लहानपणापासून ठाऊक. माझ्या तोंडातली बॅटरी पडली.

"तात्यानु, ऐकलात?"

"म्हस आसा रे ती."

"आणि माझी चप्पल?"

"र्‍हवांदे. वेतोबाक गावली तरी तो घालूचो नाय. तेचो नंबर मोठो."

त्या रात्री तात्यांना पिशवीभर कुर्ल्या मिळाल्या. मला एक मिळाली. म्हणजे, तिला मी मिळालो. अंगठ्याची सूज पुढे आठवडाभर टिकली.

मग उरले मासे. काही जातींच्या मुशी, पाकटी सोडल्या तर मासा हा अजून सामान्य माणसाला मारता येतो. आमच्याकडे गरीने मासे पकडायला गरवणं म्हणतात. लागतं काय? तंगूस, गरी, शिशाचा तुकडा आणि एखादं सुंगट, म्हणजे कोळंबी. तात्यांची तंगूस एका रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली असते. बाटली कसली होती ते काकी असताना विचारायचं नाही. पण मी व्हिडिओवर तयार झालेला. त्या लोकांकडे कार्बनच्या काठ्या, चकचकीत रिळं आणि रंगवलेले प्लास्टिकचे मासे. खिशाला चाट लावून सगळं घरपोच मागवलं. सोबत हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शिकारी टी-शर्ट.

तो घालून बाजारातून जाताना पहिल्याच दुकानदाराने हाक मारली, "मिल्ट्रीत घेतल्यानी काय रे तुका, ह्या वयात?" सुट्टीला आलेला माझा भाचा त्याहून पुढचा. "मामा, तुम्ही लपताय माशांपासून की मामीपासून?"

निघण्याआधी तात्यांनी विचारलं, "तिथ कितवी आज?"

मी म्हटलं, "शनिवार."

तात्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी बँकेत खोट्या सहीवर टाकत असे. मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा. रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. चौथीत मारकुट्या मास्तरांनी पाऊणकी पाठ करून घेतली होती तिचा उपयोग साठीनंतर समजला. कोणी तेव्हा सांगितलं असतं की यात मासे आहेत, तर छड्या वाचल्या असत्या. पुनव-अवसेला उधाण, पाणी जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. त्या दिवशी अष्टमी होती. माझ्या मोबाईलमधलं ॲप मात्र सांगत होतं, आज उत्तम योग. हिरवा मासा काढून सांगत होतं. तात्या म्हणाले, "मगे त्या ॲपाकच गरवूक सांग." पण आले. शेजारधर्म.

मोचेमाडच्या खाडीकाठी आम्ही जागा धरली. व्हिडिओत सांगतात, ताकद लावायची नाही, मनगटाचा नुसता झटका. मी झटका दिला. प्लास्टिकचा मासा सुंदर उडाला आणि मागच्या कांदळाच्या झाडावर बसला. तो काढायला भाचा चढला. दुसऱ्या झटक्याला गरी टी-शर्टच्या पाठीत, मला दिसणार नाही अशा ठिकाणी. तिसऱ्यात रिळावरची तंगूस अशी गुंतली की ती सोडवण्यात भरती संपली. गरीवर मी त्या दिवशी पकडलेल्यांत क्रमाने एक फांदी, एक सरकारी कापडी फलक आणि भाच्याची टोपी येते.

पण निसर्ग काहीच नव्हे. खऱ्या शिकाऱ्याचा खरा वैरी रस्त्यावरून जातो. अलास्कात शिकाऱ्याला कोणी विचारत नाही. इथे दर पाच मिनिटांनी एक आवाज येतो, "गावला काय?" स्कूटर थांबते, इंजिन चालूच, माणूस उतरतो आणि न विचारता आमची बालदी उघडून आत डोकावतो. रिकाम्या बालदीत इतका वेळ काय बघायचं असतं, देव जाणे. एकजण म्हणाला, काल या, काल भरपूर होते. दुसरा म्हणाला, पलीकडच्या काठाला जा. पलीकडच्या काठावर बसलेल्या माणसाला मी थोड्या वेळाने आमच्या काठाकडे बोट करताना पाहिलं. कोल्हापूरहून आलेल्या एका कुटुंबाने गाडी थांबवली. "घावलं का काय, काका?" नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. घरी जाऊन काय म्हणून दाखवणार, कोण जाणे. पाटी डोक्यावर घेऊन चाललेली मासेवाली मात्र काही बोलली नाही. बालदीत बघितलं, टी-शर्ट बघितला, हसली आणि गेली.

व्हिडिओत हे दोन-अडीच तास नसतात. आणि तात्यांना विचारलं तर तेच गरवणं. मासा हा मध्येमध्ये येणारा व्यत्यय. वाट बघणं शिरोडेकराला खरं म्हणजे शिकवावं लागू नये. वेळागरला पंचतारांकित हॉटेल होणार, होणार, म्हणून ऐकत इथे पोरांचे बाप आणि बापांचे आजोबा झाले. पण मी मुंबईत राहून बिघडलेला. मला लोकल चार मिनिटं उशिरा आली तरी घाम फुटे. तात्या दगडावर उकिडवे बसलेले, तंगूस तर्जनीवर, नजर पाण्याच्याही पलीकडे. मी दर दहा मिनिटांनी काठी वर काढून आमिष आहे का बघत होतो. "पेरलेली बी रोज उपटून बघतंस काय रे तू?" ते म्हणाले.

इतक्यात घरून फोन. "येताना बाजारातसून बांगडे घेवन येवा." मी म्हटलं, अगं, मी मासे पकडायला आलोय. "म्हणानच सांगतंय," म्हणाली आणि ठेवला.

आणि तेवढ्यात काठी वाकली. खरोखर वाकली. भाचा मोबाईल आडवा धरून धावला, मी व्हिडिओत शिकलो तसा कमरेतून मागे झुकलो, दातओठ खाल्ले, रिळ फिरवलं, आणि पाण्यातून बाहेर आला तो केंड. तळहाताएवढा. वर येताच त्याने पोटात हवा भरली आणि टम्म फुगून माझ्याकडे पाहू लागला. अंगात विष, खायच्या कामाचा नाही. तात्यांनी मानही पुरती वळवली नाही. "सोड तेका. नुसतो पोट फुगवन दाखयता. तसले गावात कमी आसत काय?"

मी केंड सोडत असताना तात्यांनी तर्जनीला हलकासा हिसका दिला. बाटलीवर तंगूस गुंडाळत आणली. किलोभर वजनाचा एक तांबोसा काठावर आला, लालबुंद. ना आरोळी, ना मुठी वळणं. "बरो आसा," एवढं म्हणून त्यांनी तो पिशवीत घातला आणि गरीला नवं सुंगट लावलं. एवढा मोठा प्रसंग, आणि भाचा त्या वेळी केंडाचं शूटिंग करत होता.

पण आजकालची पोरं अशाने खचत नाहीत. "आजोबा, एक मिनिट द्या हां," म्हणत त्याने पिशवीतून तांबोसा काढून माझ्या हातात दिला. "मामा, हात पुढे करा. आणखी पुढे. तोंड मागे न्या. अजून मागे." मग त्याने मला गवतात बसवलं आणि कॅमेऱ्याजवळ ओठ आणून कुजबुजायला लावलं, "आवाज नको. तो अगदी जवळ आहे." जवळ होताच. तात्यांच्या पिशवीत.

रात्री भाच्याने मिनिटभराचा व्हिडिओ बनवला. वाकलेली काठी होती ती केंडाची. खळबळलेलं पाणी होतं ते मी घसरलो तेव्हाचं. दातओठ माझे, मासा तात्यांचा, संगीत कुठल्याशा दाक्षिणात्य सिनेमाचं. कांदळ, टोपी, फलक, बालदीत डोकावणारे, बायकोचा फोन, सगळं कापलेलं. हातांची लांबी आणि भाच्याचं कसब मिळून तांबोसा माझ्या छातीएवढा दिसत होता. वर लाल अक्षरांत नाव: 'खाडीतला राक्षस'. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा बघताना मला हाताला बसलेला हिसका आठवू लागला.

बायकोने एकदाच पाहिला. "मासो खंय?"

"तात्यांकडे."

"आणि बांगडे?"

दोन दिवसांत बोरिवलीहून, डोंबिवलीहून फोन. ज्यांनी निवृत्तीच्या समारंभाला यायला जमत नाही म्हणून कळवलं होतं, त्यांना आता शिरोड्यात खोली हवी होती. पुढच्या रविवारी खाडीकाठी उभं राहायला जागा नव्हती. कार्बनच्या काठ्या, ठिपक्यांचे टी-शर्ट, जो तो हात पुढे आणि तोंड मागे. मासा कोणालाच लागत नव्हता, पण व्हिडिओ सगळ्यांचे चालू होते. दुपारपर्यंत मासेवालीने पाटी बाजारात न नेता थेट तिथेच आणली आणि तासाभरात रिकामी करून गेली. त्या खाडीत सुरमई मिळते हे माझ्याप्रमाणे तिलाही त्या दिवशीच समजलं असावं.

संध्याकाळी तात्या आमच्या पडवीत आले. हातात नातवाचा मोबाईल, चष्मा कपाळावर ढकललेला. आवाजात दुखावलेपण.

"मेल्या, येवढो मोठो तांबोसो गावलो तुका, आणि माका सांगूक नाय? खंयसर गावलो? माका जागो दाखय."

"तात्यानु, तुम्ही बाजूकच होतात."

"मी बसललंय थंय येवढो मासो येणां शक्य नाय. सत्तर वर्सां गरवतंय मी."

"तात्यानु, तो तुमचोच तांबोसो. तुमच्या पिशयेतलो."

"माझो?" तात्यांनी चष्मा खाली ओढला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. "छ्या. माझो येवढो नव्हतो."

मी काही बोललो नाही. त्यांनी तो आणखी एकदा लावला. संगीत वाजलं, मासा पुढे आला.

"तसो अगदीच बारीकय नव्हतो म्हणा."